बेटावरचं नेट आणि 'डेटा रोमिंग'चं बटण : ट्रॅव्हल ई-सिम सात महिने वापरल्यानंतर

ट्रॅव्हल ई-सिम म्हणजे परदेशी बेटावर नेट मिळावं म्हणून विकत घेऊन फोनमध्ये उतरवायचं, प्लास्टिक नसलेलं सिम. आपल्या फोनमध्ये ते चालतं का, *#०६# दाबल्यावर ईआयडी (ई-सिमचा ओळखक्रमांक) दिसतो का, हे सगळ्यांनी बघितलं आहे असं धरून चालतो. वस्तू चांगली आहे. पण सगळे जीबी आणि किंमत यांचीच तुलना करत बसतात आणि सगळा खेळ ज्या एका बटणावर अवलंबून आहे त्याबद्दल चकार शब्द नसतो. ते बटण म्हणजे 'डेटा रोमिंग'. 'ई-सिम चालतच नाही' ही तक्रार असो की परत आल्यावर हातात पडलेलं भलंमोठं बिल, शोध घेतला की गाडी बहुतेक वेळा इथेच येऊन थांबते.

घोळ शब्दातच आहे. 'रोमिंग' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी फिरतात. पहिली, घरच्या कंपनीकडे सुरू करून घ्यायची आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा. ती नसेल तर परदेशात घरच्या नंबराला रेंजच मिळत नाही, म्हणजे बँकेचा ओटीपी गेला. दुसरी, फोनमध्ये घरच्या सिमपुढे असलेलं डेटा रोमिंगचं बटण. हे बंदच हवं. तिसरी, ट्रॅव्हल ई-सिमपुढे असलेलं अगदी तसंच बटण. ते चालूच हवं, कारण ई-सिम बहुधा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि बेटावर तेही पाहुणंच असतं. आता विक्रेत्याच्या सूचना वाचा: 'उतरल्यावर डेटा रोमिंग चालू करा.' कोणत्या सिमचं, ते लिहायला कुणाला सुचत नाही. दमलेला माणूस विमानतळावर दिसेल ते बटण दाबतो, ते घरच्या सिमचं निघतं आणि मीटर सुरू. काही कंपन्यांकडे तर चार-दोन केबी डेटा गेला तरी पूर्ण दिवसाचा रोमिंग पॅक आपोआप लागतो.

म्हणून निघण्याआधी, घरच्या वायफायवर बसून हे उरकायचं. ई-सिम टाकलं की फोन त्याला 'सेकंडरी' किंवा 'ट्रॅव्हल' असलं काहीतरी नाव देतो. ते बदलून 'बेट' करा आणि घरच्या सिमला 'घर' म्हणा. पोरकट वाटेल, पण सेटिंगमध्ये 'घर' लिहिलेल्या ओळीखाली रोमिंग चालू करताना हात आपोआप थबकतो. मग 'बेट'चं डेटा रोमिंग चालू, 'घर'चं बंद, डेटासाठी 'बेट', कॉलसाठी 'घर'. आणि सगळ्यात लपलेलं बटण: आयफोनवर 'अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग' (काही देशांत 'मोबाइल डेटा स्विचिंग'), नव्या अँड्रॉइडवर 'ऑटोमॅटिक डेटा स्विचिंग' किंवा त्याच्या जवळपासचं नाव. एका सिमची रेंज गेली की फोनने स्वतःच्या मनाने दुसऱ्याचा डेटा वापरायचा, असं त्याचं काम. घरी सोय, बेटावर खड्डा. 'घर'चं रोमिंग बंद असेल तर हे एकटं काही करू शकत नाही, पण दोन्ही चुकून चालू राहिली तर डोंगराआड रेंज गेल्या क्षणी फोन घरच्या सिमवरून क्लाउडला फोटो चढवू लागतो, आणि वर पट्टीत 'फोर-जी' तसंच दिसत राहतं.

आयफोनवाल्यांसाठी आणखी एक. नवी लाइन सुरू झाली की आयमेसेज आणि फेसटाइम नंबर पडताळण्यासाठी गुपचूप एक एसएमएस पाठवू शकतात. तो घरच्या सिमवरून गेला तर आंतरराष्ट्रीय दराने. त्या सेटिंगमध्ये फक्त आधीचाच नंबर निवडलेला आहे ना, ते बघा. व्हॉट्सॲपने 'नंबर बदलला का?' असं विचारलं तर जुनाच ठेवा, खातं तसंच चालतं.

समुद्राचा प्रश्न वेगळाच. क्रूझवर आणि काही मोठ्या फेरीबोटींवर जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. किनाऱ्यावरच्या नेटवर्कचा ओळखक्रमांक त्या त्या देशाच्या आकड्याने सुरू होतो, जहाजांच्या आणि विमानांच्या नेटवर्कचा मात्र ९०१ ने. ते उपग्रहावरून चालतं आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये सहसा धरलेलं नसतं. बंदर सुटलं की फोन विमान मोडवर टाकायचा, हवं तर नुसतं वायफाय चालू करायचं. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणाऱ्या छोट्या बोटींना ही भीती नाही, तिथे रेंज नुसती जाते.

आता पॅक. दिवसावर चालणारे पॅक घेताना 'दिवस' कसा मोजतात ते वाचा. काही विक्रेते चालू केल्यापासून चोवीस तास मोजतात, ते ठीक. काही मात्र यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरतात. बाली यूटीसीच्या आठ तास पुढे, म्हणजे तिथे दिवस सकाळी आठला बदलतो. सहाला उतरून नेट चालू केलं तर दोन तासांत पहिला दिवस खल्लास. मॉरिशसला हाच बदल पहाटे चारला आणि फिजीला भर दुपारी बाराला होतो. पाच दिवसांच्या पॅकमधला एक दिवस असा फुकट घालवायची मला तरी हौस नाही.

'अमर्यादित'बद्दल सुरुवातीला माझं मत बरं होतं, आता अजिबात नाही. बारीक अक्षरांत रोजची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग उतरतो, कधी ५१२ केबीपीएसवर, कधी १२८ वर. १२८ म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइट. तीन एमबीचा एक फोटो पाठवायला तीन मिनिटांहून जास्त. नकाशासुद्धा रांगत उघडतो. त्यातच अशा पॅकवर हॉटस्पॉट बंद किंवा मर्यादित असण्याची शक्यता जास्त, म्हणजे दोघांना दोन पॅक. त्यापेक्षा मोजका, लांब मुदतीचा, हॉटस्पॉट चालणारा पॅक घ्यावा. नकाशा आधी उतरवून ठेवला, मुक्कामी वायफाय असलं आणि व्हिडिओ आवरते घेतले तर आठवड्याला माणशी तीन ते पाच जीबी पुरतात. डेटा खातं ते वेगळंच: आयफोनवर फोर-केचं तीस फ्रेमचं चित्रीकरण मिनिटाला साधारण १७० एमबी होतं. माशांचं दहा मिनिटांचं चित्रण मोबाइल डेटावरून क्लाउडला गेलं की १.७ जीबी उडाले. त्यामुळे मोबाइल डेटावरचा बॅकअप बंद. दोन-तीन दिवसांचीच सहल असेल तर मात्र एवढा खटाटोप न करता घरच्या कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा, महाग पडला तरी.

इथून पुढे मत बदललेलं आहे. पहिले तीन-चार महिने 'सगळीकडे ई-सिमच' असं ठाम वाटत होतं. मोठ्या बेटांवर, विमानतळ आणि हॉटेलांच्या पट्ट्यात ते खरंही आहे. पण ट्रॅव्हल ई-सिम बेटावर कुणाच्या तरी टॉवरवर बसतं, आणि स्वस्त पॅकमध्ये असा भागीदार एकच असू शकतो. छोट्या बेटाच्या मागच्या अंगाला टॉवर एकाच कंपनीचा असेल आणि ती आपली भागीदार नसेल, तर पाच जीबी शिल्लक असून फोन वीट. म्हणून घेण्याआधी पॅकच्या पानावर भागीदार नेटवर्कचं नाव शोधा. मालदीवमध्ये धिरागू आणि ऊरेडू हे दोन मोठे पर्याय. इंडोनेशियात दूरच्या बेटांसाठी टेलकोमसेलची व्याप्ती सगळ्यात मोठी. नावच दिलेलं नसेल तर तो पॅक सोडून द्या. आठवड्याहून जास्त मुक्काम किंवा आडबाजूचं बेट असेल तर मी आता स्थानिक सिमच्या बाजूने आहे.

स्थानिक सिमचे नियम मात्र आधी बघावेत. पासपोर्ट बहुतेक ठिकाणी लागतो. फिलिपिन्समध्ये २०२२ च्या कायद्याने सिम नोंदणी सक्तीची झाली आणि पर्यटकाचं सिम ३० दिवस चालतं. इंडोनेशियात बाहेरून आणलेल्या फोनमध्ये स्थानिक सिम घालायचं तर आयएमईआयच्या, म्हणजे फोनच्या ओळखक्रमांकाच्या, नोंदणीची अट आड येते. पर्यटकाला ९० दिवसांपर्यंतची सवलत सिम कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून करून घेता येते, त्यामुळे रस्त्यावरच्या टपरीवरून सिम घेऊ नये. परदेशी सिमवर रोमिंग करणाऱ्याला ही अट नाही, आणि तिथे ई-सिमला एक गुण परत द्यावा लागतो.

पॅक शोधताना बेट कुणाचं, हे आधी नक्की करा. झांझिबार म्हणजे टांझानिया, फुकेत म्हणजे थायलंड, हे सोपं. रेयुनियों, मार्टिनिक, ग्वादलूप ही फ्रान्सची, त्यांना युरोपीय संघाचे रोमिंग नियम लागू होतात, पण ट्रॅव्हल ई-सिमच्या 'युरोप' पॅकमध्ये ती धरलेली असतीलच असं नाही. यादी उघडून बघावी. सेंट मार्टिन तर अर्धं फ्रेंच, अर्धं डच. समुद्रकिनारी बसल्या बसल्या फोन पलीकडच्या बाजूचा टॉवर पकडतो, आणि पॅक एकाच बाजूचा असेल तर नेट गायब. तिथे नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक'वरून काढून हाताने करावी.

घरचं सिम जाड प्लास्टिकचं आणि फोनला खाच एकच असेल तर स्थानिक सिम घालताना 'घर' बाहेर काढावं लागतं आणि ओटीपी बंद. उपाय म्हणजे निघण्याच्या आठवडाभर आधी घरचा नंबर ई-सिमवर घेऊन खाच मोकळी करणं. याचीही एक किंमत आहे. बेटावर फोन खाऱ्या पाण्यात पडायला वेळ लागत नाही. प्लास्टिकचं सिम पुसून दुसऱ्याच्या फोनात घालता येतं, ई-सिम मेलेल्या फोनात अडकून बसतं. दोघं जात असाल तर एकाचा नंबर प्लास्टिकवरच राहू द्या आणि बँकेचं काम त्याच्याकडे.

हॉटस्पॉट सावलीत चालवा. ॲपल आयफोनसाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सांगते, उन्हात ठेवलेला फोन ती केव्हाच ओलांडतो, मग पडदा मंदावतो, चार्जिंग थांबतं आणि वेगाचा दोष नेटवर्कवर येतो.

खरा संथपणाही असतो आणि त्यावर जास्त जीबीचा पॅक घेऊन उपयोग नाही. ई-सिमचा डेटा बहुधा आधी त्याच्या मूळ कंपनीच्या देशात जातो आणि तिथून इंटरनेटवर. तो देश दहा हजार किलोमीटरवर असेल तर काचेच्या तारेतून नुसतं जाऊन येण्यातच १०० मिलिसेकंद गेले. कॉलमध्ये दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात ते यामुळे. बँकेच्या ॲपला आपण तिसऱ्याच देशात दिसतो आणि ते अडवतं, तेव्हा हॉटेलचं वायफाय वापरून बघा. मुळात काही बेटांचा जगाशी संबंध एका समुद्री केबलवर टांगलेला असतो. टोंगाची केबल जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी स्फोटात तुटली, तेव्हा ती जोडायला पाच आठवडे लागले होते.

फुल रेंज आहे पण नेट नाही, तेव्हा क्रम असा ठेवा: 'बेट'चं डेटा रोमिंग चालू आहे का (पुन्हा तेच बटण, हो), मग विक्रेत्याने दिलेला एपीएन (नेटला जोडण्यासाठी सेटिंगमध्ये भरायचं नाव) अक्षर न अक्षर जुळतो का, मग नेटवर्क हाताने निवडा, मग तीस सेकंद विमान मोड, शेवटी फोन बंद-चालू. ई-सिम काढून परत टाकण्याचा मोह टाळा. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो, आणि दुसरा मागायला नेट लागतं, जे त्या वेळी आपल्याकडे नसतं. म्हणून विक्रेत्याच्या मदतीचा पत्ता आणि एपीएन कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवावा. फोनमधल्या स्क्रीनशॉटचा भरवसा फोन कोरडा असेपर्यंतच.