‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवर घेतलेला फोन मला ४०,७५६ रुपयांना पडला

रोख दिले असते तर हाच फोन त्याच दुकानात, त्याच दिवशी २९,४९९ रुपयांना मिळत होता. मी तो ‘नो-कॉस्ट ईएमआय’वर घेतला. शेवटचा हप्ता नुकताच गेला आणि सगळी बेरीज मांडली तर ४०,७५६ रुपये भरले. म्हणजे ११,२५७ रुपये जास्त. घरी हा आकडा अजून सांगितलेला नाही. बायकोला वाटतंय दोन-तीन हजारांचा घोळ आहे, आणि तेवढ्यावरच मी रोज ऐकून घेतोय.

वर लाजेची गोष्ट अशी की मी लेखा विभागात नोकरी करतो. लोकांची बिलं तपासतो, एका रुपयाचा फरक निघाला तरी फाइल परत पाठवतो.

‘बिनव्याजी’ हप्ते कसे असतात हे मला माहीत नव्हतं असं कृपा करून कोणी म्हणू नका. फोनवर किंमत होती ३२,९९९. एकरकमी देणाऱ्याला ३,५०० ची सूट. हप्त्यावर घेणाऱ्याला सूट नाही, २,७५० चे बारा हप्ते, म्हणजे ३३,०००. सूट सोडायची हेच व्याज, हे मला तिथेच कळलं होतं. रिझर्व्ह बँकेने तर सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना लिहून कळवलं होतं की शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, ते व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवलं जातं. पण जुन्या फोनची बॅटरी फुगलेली, महिना अखेरचा, एकदम तीस हजार काढणं शक्य नव्हतं. ३,५०१ रुपये जास्त जाणार हे समजून-उमजून मी हो म्हटलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार उरलेल्या ७,७५६ रुपयांबद्दल आहे.

आता तो क्षण. काउंटरवर फायनान्स कंपनीचा मुलगा बसलेला, दुकानाचाच टी-शर्ट घातलेला, त्यामुळे तो दुकानाचा की फायनान्सचा हेच कळत नाही. (हे मुद्दाम असतं असं माझं मत झालंय.) त्याच्या हातात टॅब. आधार घेतलं, पॅन घेतलं, सेल्फीसाठी टॅब माझ्या तोंडासमोर धरून म्हणाला, “काका, डोळे मिचकावा.” मिचकावले. मग एकामागून एक ओटीपी. “आला का काका? सांगा.” मागे रांग, कोणाचं तरी लहान मूल रडतंय, आणि हा टॅबवर पानं इतक्या झपाट्याने वर सरकवतोय की एक ओळ वाचता येऊ नये. शेवटचा ओटीपी आला तो कर्जाच्या कराराचा. त्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: कर्जाची रक्कम ३८,५९६ रुपये. फोन ३२,९९९ चा आणि कर्ज ३८,५९६ चं! मेसेज आजही माझ्याकडे आहे. माझी नजर ओटीपीच्या सहा आकड्यांवर गेली, त्याच ओळीतल्या पुढच्या पाच आकड्यांवर गेली नाही. किती वेळा तो मेसेज उघडून बघितला असेल, आणि दर वेळी तोंडात कडू चव येते.

पण मला सांगा, तिथे उभं राहून कोण वाचतो? पुढ्यात बिल ठेवलं होतं आणि बिलावर बरोब्बर ३२,९९९ होते. बिल तपासणारा माणूस बिल बघतो. बिल बरोबर होतं. चोरी बिलात नव्हतीच, करारात होती.

जास्तीचे ५,५९७ कसले, तर स्क्रीन प्रोटेक्शन २,३९९, वाढीव वॉरंटी १,९९९ आणि ‘डिजिटल सुरक्षा’ नावाचं काहीतरी १,१९९. ही डिजिटल सुरक्षा म्हणजे काय हे मला आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही. तिन्ही गोष्टी मी मागितल्या नव्हत्या, कोणी विचारल्याही नव्हत्या. शिवाय प्रक्रिया शुल्क ९०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १६२, असे १,०६२ खात्यातून परस्पर वळते.

पहिला हप्ता कापला गेला ३,२१७. दुकानात फोन केला तर उत्तर तयार: “पहिल्या महिन्यात थोडं जास्त जातं काका, पुढच्या वेळी बरोबर होईल.” पुढच्या महिन्यातही ३,२१७. तोवर कर्ज रद्द करण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. त्या “पुढच्या वेळी”चा उपयोग त्यांना एवढ्यासाठीच होता. तेव्हा कोणी तुम्हाला पुढच्या महिन्यापर्यंत थांबा म्हटलं तर थांबू नका, त्याच दिवशी लेखी मेल टाका.

कागदपत्रं मला का मिळाली नाहीत याचा शोध नंतर लागला. अर्जात त्या मुलाने ई-मेलचा पत्ता स्वतःच्या मनाने टाकला होता. करार, हप्त्यांचं वेळापत्रक, वॉरंटीची प्रमाणपत्रं, सगळं कोणत्या तरी भलत्याच पत्त्यावर गेलं. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या सगळ्या अटी आणि खर्च एकत्र मांडलेला कागद, कर्ज देणाऱ्याला द्यावाच लागतो. त्यात वार्षिक एकूण खर्चाचा दर असतो, विम्यासारखे तिसऱ्याच्या नावाने घेतलेले पैसेही त्या दरात धरायचे असतात, आणि त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. ओटीपी सांगण्याआधी हा कागद मागा. नसेल तर उठा. आणि अर्जातला ई-मेल स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

तो दर मी घरी बसून काढला, जास्तीची खोगीरभरती सोडून, नुसता हप्ता आणि प्रक्रिया शुल्क धरून. वरवर बघितलं तर २९,४९९ वर ४,५६३ (३,५०१ अधिक १,०६२) जास्त, म्हणजे साडेपंधरा टक्के वाटतात. पण दर महिन्याला आपण मुद्दल फेडत असतो, सगळे पैसे वर्षभर आपल्याकडे राहत नाहीत. तसा हिशेब केला तर दर येतो वर्षाला २८ टक्क्यांच्या आसपास. ‘नो-कॉस्ट’!

मधल्या एका महिन्यात पगार उशिरा झाला आणि हप्ता बाउन्स गेला. फायनान्स कंपनीचे ५०० आणि माझ्या बँकेचे जीएसटीसह ५९०, एकूण १,०९०. ते एक वेळ सोडा. सकाळी उठलो तर फोनला कुलूप. पडद्यावर थकबाकीची सूचना आणि फक्त आपत्कालीन कॉल. फोन देताना त्या मुलाने “सेटिंग करून देतो” म्हणून दहा मिनिटं जे काही केलं, ते हे लॉकचं अ‍ॅप होतं. ते काढून टाकता येत नाही, रिसेट मारला तरी परत येतं. हप्ता भरायचा तर यूपीआय त्या फोनमध्ये, आणि फोन हप्ता भरल्याशिवाय उघडत नाही! शेवटी मेहुण्याला फोन केला, तोही शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून. त्याने पैसे भरले. मेहुण्यापुढे हात पसरायची वेळ आली, याची किंमत मी वरच्या बेरजेत धरलेली नाही.

आपल्याकडे म्हणे कॉन्ट्रॅक्टवरचे लॉक फोन, म्हणजे एकाच मोबाइल कंपनीच्या सिमवर चालणारे, कधी चालले नाहीत. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात दिला तो त्यांच्याच नेटवर्कवर चालायचा, बाकीची किंमत महिन्याच्या बिलातून. २००८ मध्ये आयफोन ३जी आला तेव्हा अमेरिकेत दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलर, आणि इथे ३१,००० रुपये मोजूनही सिमला कुलूप. लोक चिडले होते, बरोबरच होतं. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक फोन विकायची बंदीच केली. आपण मात्र खूश, की आपले फोन अनलॉक्ड! सिम कोणतंही घाला. फोनच उघडत नसेल तर सिम काय चाटायचंय?

आता दाद मागायला गेलो त्याची कथा. दुकानदार म्हणाला, ते फायनान्सवाल्याचं, आमचं बिल बरोबर आहे. फायनान्सच्या कस्टमर केअरवर आधी पाच भाषांची निवड, मग संगीत, मग एक मुलगी, “सर, आपण ओटीपी दिला म्हणजे संमती दिली.” ओटीपी कशासाठी हे कोणी सांगितलं? “सर, मेसेजमध्ये लिहिलेलं असतं.” शाखेत गेलो तर शाखा फक्त नवी कर्जं देते, तक्रार ऑनलाइन करा. ऑनलाइन केली तर दुसऱ्या दिवशी ‘निराकरण झाले’ असा मेसेज. कशाचं निराकरण, कोणी केलं, मला न विचारता? परत उघडली, परत ‘निराकरण झाले’. त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र आलं, त्यात माझं नाव चुकलेलं आणि फोनऐवजी वॉशिंग मशीनचा उल्लेख. माझ्या बँकेत सांगितलं की ३,२१७ ची कपात थांबवा, मी २,७५० च देणं लागतो. तिथल्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली: मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता परस्पर कापायची परवानगी, मी ‘कमाल ९,००० रुपयांपर्यंत’ मंजूर केलेलं. म्हणजे नऊ हजारांपर्यंत काहीही कापलं तरी बँकेच्या लेखी ते कायदेशीर. पोलीस चौकीत हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “साहेब, हे सिव्हिल मॅटर आहे. तुम्ही शिकलेले दिसता.” हे शेवटचं वाक्य मी विसरणार नाही. शिकलेल्या माणसाला लुटलं तर तो गुन्हा नसतो का? अडाण्याला लुटलं तर म्हणतात वाचता येत नव्हतं, शिकलेल्याला लुटलं तर म्हणतात वाचलं का नाही. मग लुटणाऱ्याला कधी विचारणार?

लॉक उघडायला यांना सेकंद लागतो, लावायलाही. तक्रारीला मात्र ‘७ ते १० कामाचे दिवस’.

एवढं सगळं झाल्यावर एका ओळखीच्या वकिलांनी रस्ता सांगितला, तो फुकट देतो. आधी फायनान्स कंपनीला लेखी तक्रार, पोच जपून. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्याला पैसे लागत नाहीत. फोनवरच्या तक्रारीचा नंबर घेऊन बसू नका, माझा वेळ त्यातच गेला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, अर्ज ऑनलाइन होतो. मँडेट मंजूर करताना कमाल रक्कम बघा. कर्ज संपल्यावर ना-हरकत पत्र मागून घ्या आणि लॉकचं अ‍ॅप त्यांच्याकडूनच काढून घ्या, नाहीतर फोन विकता येणार नाही. क्रेडिट रिपोर्ट (आपली कर्जं आणि त्यांची परतफेड यांची नोंद) वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो बघा. माझ्या रिपोर्टवर कर्ज अजून चालूच दिसतंय. दुरुस्तीचा अर्ज दिलाय. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम आहे आणि ते शंभर-शंभर मी मोजून घेणार आहे.

गेल्या आठवड्यात फायनान्स कंपनीकडून फोन आला. ‘सद्भावना म्हणून’ डिजिटल सुरक्षेचे १,१९९ परत देतो, फक्त सर्व तक्रारी मागे घेतल्याचं लिहून द्या. लिंक पाठवली आणि म्हणाले, “सर, एक ओटीपी येईल, तेवढा सांगा.”