मॅक प्रो २०१९ : रिपेअर, अपग्रेड आणि पैसे वसूल होतात का

माझं काम कलर ग्रेडिंगचं, म्हणजे व्हिडिओचे रंग नीट करण्याचं, त्यामुळे २०१९ चा इंटेलवाला मॅक प्रो, ॲपलचा मोठा डेस्कटॉप, रोज हाताखाली असतो, आणि सेकंडहँडमध्ये तो परवडण्यासारखा मिळायला लागल्यापासून ओळखीतले बरेच जण विचारतायत की घ्यावा का. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

आधी उघडण्याचं बोलू कारण तिथे हे मशीन खरंच जबरदस्त आहे. वरचं हँडल फिरवायचं आणि अख्खं ॲल्युमिनियमचं कव्हर वर उचलून बाजूला ठेवायचं. मागच्या सगळ्या वायरी आधी काढाव्या लागतात एवढाच काय तो वैताग. कव्हर निघालं की सगळीकडून हात जातो, एका बाजूला पीसीआयचे, म्हणजे जास्तीची कार्डं लावायचे, आठ स्लॉट, दुसऱ्या बाजूला रॅमचे बारा, रॅम बदलायला तर स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही. मशीन उघडून रिपेअर किती सोपा ते तपासणाऱ्या आयफिक्सिट साइटनं याला रिपेअरसाठी १० पैकी ९ दिले होते आणि ते अगदी योग्यच आहेत. मुंबईच्या धुळीत ब्लोअर मारून पंखे साफ करणं हे दहा मिनिटांचं काम, आयमॅकची स्क्रीन गोंदातून सोडवलेल्या माणसाला याची किंमत कळेल.

आता पैशांचं. भारतात बेस मॉडेल ४,९९,९०० रुपयांना आलं, अमेरिकेत ५,९९९ डॉलरला, आणि त्यात काय तर आठ कोरचा झिऑन प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि रेडिऑन प्रो ५८०एक्स ग्राफिक्स कार्ड. नुसता स्पीड बघितला तर तेवढ्या पैशात तेव्हा असेंबल केलेला पीसी कितीतरी तगडा यायचा. पण हे मशीन तसं घ्यायचंच नव्हतं, सगळ्यात लहान मॉडेल घ्यायचं आणि आतलं सामान हळूहळू बाहेरून भरायचं, तरच हिशोब जुळायचा. ॲपल दीड टीबी रॅमचे २५,००० डॉलर जास्तीचे घ्यायचं! आणि तीच रॅम म्हणजे सर्व्हरमध्ये लागते ती साधी डीडीआर४ ईसीसी (चुका स्वतःच दुरुस्त करणारी), लॅमिंग्टन रोडवर सर्व्हरचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी केली तर मिळून जाते. फक्त आर-डिम आणि एलआर-डिम हे रॅमचे दोन प्रकार मिक्स करू नका, आणि बेसमध्ये चारच स्टिक येतात पण मेमरी सहा चॅनलची, म्हणजे सहा वाटांनी चालणारी, आहे, म्हणजे सहा किंवा बारा सारख्या स्टिक लावल्या की खरा फायदा होतो. दीड टीबीपर्यंत फक्त २४ आणि २८ कोरवाले जातात, बाकीचे ७६८ जीबीवर थांबतात.

प्रोसेसरही सॉकेटमध्ये बसवलेला आहे, त्यामुळे हीटसिंक काढून आठ कोरच्या जागी २८ कोरचा टाकता येतो. हात बसलेला माणूस असेल तरच करून घ्या.

ग्राफिक्सच्या बाबतीत मात्र रस्ता संपलाय. रेडिऑन ६८०० आणि ६९०० एक्सटी मस्त चालतात, पॉवरची वायर वेगळी घ्यावी लागते एवढंच, पण त्यानंतरच्या ७००० सीरिजला मॅकओएसमध्ये ड्रायव्हरच आले नाहीत आणि एनव्हिडियाची नवी कार्डं तर मोहावे या २०१८ च्या मॅकओएसपासूनच बंद. स्लॉट रिकामे आहेत, पॉवर सप्लाय १.४ किलोवॅटचा आहे, आणि तरी नवं कार्ड लावता येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं दुखणं एसएसडीचं. मोड्यूल काढता येतं, पण ती नुसती फ्लॅश मेमरी आहे, ती चालवणारा कंट्रोलर ॲपलच्या टी२ या सिक्युरिटी चिपमध्ये. म्हणजे बाजारातली कुठलीही एसएसडी त्या जागी बसत नाही, ॲपलचंच किट घ्यायचं आणि मग दुसरा मॅक जोडून ॲपल कॉन्फिगरेटर या ॲपनं रिस्टोर करायचं. त्यापेक्षा पीसीआय कार्डावर बाजारातली एनव्हीएमई एसएसडी लावा आणि प्रोजेक्ट, कॅशे सगळं तिकडे ठेवा, स्वस्तही पडतं आणि भरपूर जागा मिळते.

आफ्टरबर्नर, म्हणजे ॲपलच्या प्रोरेस व्हिडिओ फॉरमॅटला वेग देणारं कार्ड, त्यासाठी सेकंडहँडमध्ये जास्त पैसे मोजू नका. २०१९ मध्ये २,००० डॉलरचं होतं ते, पण २०२१ च्या एम१ प्रो लॅपटॉपमध्ये प्रोरेसचं इंजिन चिपमध्येच आलं.

मग काही जण म्हणतात २०२३ चा, ॲपलच्याच एम२ अल्ट्रा चिपवाला मॅक प्रो घेऊ, दिसायला तर सेम आहे. डबा सेम आहे हो, पण मेमरी चिपसोबतच पक्की, जास्तीत जास्त १९२ जीबी, नंतर वाढवायची सोय नाही. पीसीआय स्लॉट आहेत पण त्यात ग्राफिक्स कार्ड चालत नाही. आणि तीच चिप मॅक स्टुडिओ या ॲपलच्या छोट्या डेस्कटॉपमध्ये ३,९९९ डॉलरला मिळत होती, मॅक प्रोमध्ये ६,९९९ ला. ऑडिओची किंवा व्हिडिओ कॅप्चरची कार्डं तुमच्याकडे असतील तर ठीक, नाहीतर ते ३,००० डॉलर रिकाम्या डब्याचे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅकओएस टाहो हे इंटेलवर चालणारं शेवटचं व्हर्जन आहे, ॲपलनं २०२५ मध्येच सांगितलंय. हा मॅक प्रो त्याच्यावर चालतो, त्यानंतर फक्त सिक्युरिटी अपडेट, आजवरची पद्धत बघता साधारण दोनेक वर्षं. यातलं लोखंड दहा वर्षं आरामात टिकेल पण तुमचं सॉफ्टवेअर टिकणार नाही, आणि पाच लाखांचं मशीन एवढ्या लवकर मागे पडावं हे बरोबर नाहीच.

म्हणून नवीन सेटअप उभारत असाल तर मॅक स्टुडिओ घ्या. तुमची जुनी पीसीआय कार्डं, जुने प्लगइन, खूप रॅम लागणारं काम असं काही असेल तरच हा घ्या, तोही १६ कोर किंवा त्याच्या वरचा, आणि किमान १ टीबीची मूळ एसएसडी असलेला. पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर मशीन पूर्ण इरेज करून नव्यानं सेटअप करा, ॲक्टिव्हेशन लॉक (आधीच्या मालकाच्या ॲपल अकाउंटचं कुलूप) निघालाय ना ते बघा, आणि स्टुडिओ किंवा कंपनीतून आलेलं असेल तर त्यांच्या डिव्हाइस मॅनेजमेंट सिस्टिममधून काढलंय का ते लेखी घ्या, कारण टी२ मुळे लॉक असलेलं मशीन सहसा रिपेअरवाला सोडवून देऊ शकत नाही.