आतड्याची सूज उफाळली: पावडर की घरचं मऊ जेवण?

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणाऱ्या दीर्घ आजाराचं निदान झालं की सोलापूरच्या घरात लगेच विचारलं जातं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद झाली तर खायचं काय? मग दोन सल्ले मिळतात. संपूर्ण पोषणाच्या पावडरवर राहा, नाहीतर घरचंच मऊ करून खा.

वाढत्या वयाच्या मुलाला क्रोन्स असेल आणि डॉक्टर पावडर सुचवत असतील, तर मी ठामपणे पावडरच्या बाजूने आहे. तिथे ती पूरक आहार नसते, औषधच असते. 6 ते 8 आठवडे फक्त तीच आणि पाणी. स्टिरॉइडशिवाय सूज उतरते, वजन भरतं, उंचीही खुंटत नाही. हे सोपं नाही. शाळेचा डबा, लग्नाची पंगत, हुरडा, सगळं तेवढे दिवस दूर ठेवावं लागतं, आणि लेकरासमोर घरच्यांनीही जपून खावं. मोठ्यांनाही फायदा होतो, पण इतके दिवस टिकणारे थोडेच. मेडिकलमधली चॉकलेट चवीची ताकदीची पावडर मात्र यात चालत नाही. कोणती आणि किती, ते आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये निव्वळ पावडरने सूज उतरते असं सिद्ध झालेलं नाही. तिथे औषधं चालू ठेवून घरचं जेवणच बरं. फक्त पेजेवर राहू नका. आजार उफाळलेला असताना किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला रोज 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम मिळतात. मऊ भातावर मुगाचं घट्ट वरण, दही, पनीर, चालत असेल तर शिजवलेलं चिकन, असं दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. दूध सरसकट तोडू नका. त्याने पोट बिघडत असेल तरच सोडा. जुलाब असतील तर सोलापूरच्या उन्हाळ्यात ओआरएस घरात हवंच.

निवड करण्याआधी डॉक्टरांना एक विचाराच: आतडं कुठे चिंचोळं झालंय का? झालं असेल तर अख्खे शेंगदाणे, मक्याचे दाणे, पालेभाज्यांचे देठ, फळांच्या साली टाळायच्या. नसेल, तर आजार शांत झाल्यावर भाकरी परत आणायला हरकत नाही. आधी ताजी, मऊ, वरणात कुस्करून. कडक भाकरी आणि भरड शेंगाचटणी सगळ्यात शेवटी. बरं वाटत असूनही भीतीपोटी वर्षानुवर्षं भात-वरणावर राहणारी माणसं पाहून मला वाईट वाटतं.

दोन्ही वाटांवर हिमोग्लोबिन, लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. लहान आतड्याचं शेवटचं टोक काढलेलं असेल तर बी-12 ची इंजेक्शनं लागू शकतात. स्टिरॉइड चालू असेल तर कॅल्शियमचं विचारा. पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, तर पावडर नको आणि पेजही नको. सरळ दवाखाना गाठा.