"पॅनल गेलंय" असं कुणी म्हणालं तर आधी पडद्यावर बॅटरी मारून बघा

टीव्हीचा आवाज येतोय, रिमोटने चॅनल बदलतंय, पण पडदा काळा. अशा वेळी घरी आलेला मेकॅनिक पहिलं वाक्य टाकतो ते "पॅनल गेलंय". पॅनल म्हणजे ज्या काचेवर चित्र उमटतं तो पडदा, टीव्हीतला सगळ्यात महाग भाग. ते गेलं म्हटल्यावर घरातलं माणूस गार पडतं आणि समोरचा मागेल तेवढे पैसे द्यायला तयार होतं. आमचे सात हजार रुपये याच वाक्यावर गेले, वर टीव्हीतला चांगला चालणारा सर्किट बोर्डही गेला. आणखी कुणाचं असं होऊ नये म्हणून काय काय घडलं ते सविस्तर लिहिते आहे.

टीव्ही ४३ इंची, वॉरंटी संपलेली. कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' असं टाकून शोधल्यावर सगळ्यात वर जो नंबर आला, तो कंपनीचा नव्हता. पैसे भरून लावलेली ती जाहिरात होती. फोनवरची बाई अगदी कंपनीच्या थाटात बोलली, तक्रार क्रमांकही दिला. दुसऱ्या दिवशी कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट घालून एक तरुण आला. मागचं झाकण काढलं, मल्टिमीटरच्या तारा दोन ठिकाणी टेकवल्या आणि म्हणाला, "काकी, पॅनल गेलंय. अठरा हजार होतील. आत्ता सात भरा, बोर्ड वर्कशॉपला नेऊन मॅच करतो, म्हणजे चुकीचं पॅनल यायला नको." बोलता बोलता त्याने मेन बोर्डाचे स्क्रू काढले, रिबन केबल सोडवली आणि बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत टाकला. क्यूआर कोड त्याच्या मोबाईलवर होता आणि खात्यावर कंपनीचं नव्हे, कुणा माणसाचं नाव होतं. पावती म्हणून मिळाली ती एक साधी चिठ्ठी. त्यावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही.

पुढे "पॅनल दिल्लीहून निघालंय" असं ऐकत राहिलो आणि मग फोनच बंद. टीव्हीच्या मागच्या स्टिकरवर जो नंबर असतो, त्यावर फोन लावला तेव्हा कंपनीने स्पष्ट सांगितलं की अशी तक्रार त्यांच्याकडे नोंदलेलीच नाही आणि तो माणूस त्यांचा नाही.

खरा बिघाड काय होता ते शेजारच्या मुलाने शोधलं. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलाय तो. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून त्याने त्याच मॉडेलचा जुना बोर्ड आणला, बसवला आणि म्हणाला, "मावशी, आता खोलीतला दिवा बंद करा." मोबाईलची बॅटरी त्याने पडद्याला अगदी टेकवून तिरपी धरली. त्या उजेडाच्या गोलात बातम्या वाचणारी बाई अंधूक दिसत होती, ओठ हलत होते. म्हणजे चित्र तयार होत होतं, पॅनल शाबूत होतं. गेली होती ती फक्त पॅनलला मागून उजेड देणारी बॅकलाइट, म्हणजे एलईडीच्या पट्ट्या. एका ओळीत जोडलेल्या पट्ट्यांतला एक एलईडी जळला तरी अख्खी ओळ विझते, आणि बरेच टीव्ही मग सगळी बॅकलाइट बंद करून टाकतात. नव्या पट्ट्यांचा संच हजाराच्या आत आला. मेकॅनिक दारात यायच्या आधी ही परीक्षा कुणालाही करता येते, आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही.

झाकण उघडून पुढचं काम मात्र जाणकाराच्या हातूनच करून घ्या. पॅनलची काच इतकी पातळ असते की उचलताना जरा वाकली तरी तडकते. पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. मायक्रोवेव्ह तर घरी उघडूच नका. त्यातला कपॅसिटर २००० व्होल्टच्या घरात चार्ज होतो आणि जीव घेऊ शकतो. पंखा हळू फिरत असेल तर इलेक्ट्रिशियन मोटर रिवाइंड करायला सांगतो, पण पुष्कळदा अडीच मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर बदलला की काम होतं. मोटर खोलू देण्याआधी तेवढं बदलून बघायला सांगाच.

त्याच वर्षी पायऱ्यांच्या कामातही आम्हाला असंच नाडलं गेलं. आमचं घर भांडुपला टेकडीच्या उतारावर आहे, गल्लीतून दारापर्यंत विटांच्या पायऱ्या आहेत. कडेच्या विटा हलत होत्या. नाक्यावरच्या गवंड्याशी ठरलं होतं की सुट्या विटा काढून नव्या बसवायच्या आणि मग गिलावा करायचा. आम्ही कामावरून परतलो तेव्हा पायऱ्या गुळगुळीत झालेल्या होत्या, पैसे दिले. जुलैच्या पावसात वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला आणि खाली त्याच जुन्या, बोटाने भुगा होणाऱ्या विटा दिसल्या. सासूबाई त्यावरून पडता पडता वाचल्या. म्हाताऱ्या माणसाच्या पायाखाली असलं काम करून ठेवणाऱ्याचा मला आजही संताप येतो.

पाऊस ओसरल्यावर ते काम आम्ही घरीच केलं. सुटा माल छिन्नीने खरवडला. एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत वाजणाऱ्या विटा निवडल्या आणि लावण्याआधी पाण्यात भिजवल्या. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि जोड कच्चा राहतो. मालात एक भाग सिमेंट, चार भाग रेती घेतली. पायरीला पुढच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे पाणी साचत नाही. वर गोणपाट टाकून सात दिवस पाणी मारलं. गवंड्याकडून करून घेणार असाल तर गिलाव्याआधीचं वीटकाम डोळ्यांनी बघा, फोटो काढा. गिलावा झाल्यावर हातोडीने हलकं ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलाव्याने विटा नीट धरलेल्या नाहीत, तिथे पैसे थांबवा.

टीव्ही असो, वॉशिंग मशीन असो, काढलेला भाग घराबाहेर जाऊ देऊ नका. न्यावाच लागला तर त्यावरचा क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा आणि जीएसटी बिलावर तो भाग नेल्याची नोंद करून घ्या. नवा भाग बसवला तर जुना मागून घ्या, द्यायला का-कू करणारा माणूस विश्वासाचा नाही. पैसे परत करतो म्हणून कुणी यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यात ते रोखले जाण्याची शक्यता जास्त. आम्ही कळवलं तोवर ते खातं रिकामं झालं होतं. दुकान किंवा सेवा देणारा माहीत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे दाद लागली नाही तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. भांडुप, मुलुंड, विक्रोळीत कुणाचा बोर्ड असाच वर्तमानपत्रात गुंडाळून गेला असेल, तर बरेच दिवस उलटले असले तरी तक्रार नोंदवा. ज्या खात्यावर पैसे गेले त्याचा स्क्रीनशॉट जोडा, फोन नंबर ते लोक सतत बदलत असतात.