स्पॉन्सरशिपच्या नावाखाली आमचे साडेनऊ लाख गेले

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पुतण्याचं इंग्लंडातलं एमएससी सप्टेंबर २०२५ मध्ये संपलं आणि स्टुडंट व्हिसा जानेवारीपर्यंत होता. ज्या एजंटानं त्याला पाठवलं होतं, त्याचा फोन आला तो माझ्या मोठ्या भावाला. पोराला नाही, बापाला. पोरगं तिथं चार जणांना विचारू शकतं. बाप ऐन कापूस वेचणीत मजूर शोधत फिरत असतो.

"भाऊ, व्हिसा संपला का पोरगं वापस येते पहा. स्पॉन्सर पक्का केला हाय, पण आठ दिवसांत पैसे भरा लागते."

स्पॉन्सर म्हणजे पोराला नोकरी देऊन त्याच्या व्हिसाला आधार देणारा तिथला मालक. दादानं वावर गहाण टाकलं, काही रक्कम वहिनीच्या दागिन्यांवर उचलली. पैसे गेले नागपूरच्या कुण्या बाईच्या बचत खात्यात. पावती मागितली तर "हे काम पावतीचं नसते."

खरी गोष्ट एजंटाला पुरेपूर ठाऊक होती. तिथल्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला शिक्षणानंतर तिथं राहून काम करायला ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो. त्याला स्पॉन्सर लागत नाही, नोकरीचं पत्रही लागत नाही. विद्यापीठानं अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं तिथल्या गृहखात्याला कळवलेलं असावं आणि जुना व्हिसा संपायच्या आत, इंग्लंडातच राहून अर्ज करावा, एवढंच. पुतण्याच्या वेळी फी ८८० पौंड होती, वर आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. दोन वर्षांचे मिळून साडेतीन लाखांच्या आसपास, आणि तेही थेट सरकारला. (१ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना पदवी आणि मास्टर्सवर दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळतील, पीएचडीला ३ वर्षं कायम आहेत. हा व्हिसा वाढवून मात्र मिळत नाही.) पण सोप्या रस्त्यावर दलाली कोण देणार?

पैसे पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' आलं. गोल शिक्का, सही, वर चमकदार लोगो. दादानं घरी सगळ्यांना दाखवलं. पुतण्यानं तेच विद्यापीठाच्या विदेशी विद्यार्थी कक्षात नेलं, तर तिथली बाई म्हणाली की ते प्रमाणपत्र कागदावर नसतंच. मालक सरकारी संगणकावर नोंद करतो आणि उमेदवाराला फक्त त्या नोंदीचा क्रमांक देतो. आम्ही ज्या शिक्क्यावर भाळलो, तोच खोटेपणाचा पुरावा निघाला.

बाकी तर उघडच होतं. पद होतं गोदाम सुपरवायझरचं, पगार वर्षाला २४,००० पौंड. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी (म्हणजे स्पॉन्सरच्या नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसासाठी) बहुतेक कामं पदवीच्या दर्जाची लागतात आणि पगार ४१,७०० पौंड. नुकत्याच शिकून निघालेल्यांना सवलत धरूनही ३३,४००. स्पॉन्सर करायचा परवाना असलेल्या मालकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. ही कंपनी तिच्यात नव्हती. असती, तरी या प्रमाणपत्राची फी नोकरी करणाऱ्याकडून वसूल करायला ३१ डिसेंबर २०२४ पासून बंदी आहे. म्हणजे 'स्पॉन्सरशिपचे पैसे' मागितले, तिथंच बोलणं थांबवायचं.

पुतण्यानं मुदतीत ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज केला, तो मंजूर झाला. त्याची फी भरायला दादाला पुन्हा उधारी करावी लागली, ते वेगळंच. आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ठाण्यातही अर्ज दिला. तोवर ते खातं रिकामं झालं होतं. असं काही झालं तर आधी १९३० लावा, नातेवाइकांत चर्चा नंतर. नोकरीसाठी परदेशी पाठवणारा एजंट नोंदणीकृत आहे का, ते भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं, आणि अशा एजंटालाही सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या एजंटाकडे होता तो फक्त 'स्टडी अब्रॉड'चा बोर्ड.

बोर्ड अजून लागलेला आहे. आमचा फोन तो उचलत नाही. पण दिग्रसकडच्या एका कास्तकाराला सध्या जर्मनीचं पॅकेज समजावून सांगतो आहे, असं कानावर आलं.