झायनला जाताय? एंजल्स लँडिंगचं ‘गॅरंटीड’ परमिट विकणाऱ्यांपासून जपून

सरळ मुद्द्यावर येते. युटामधल्या झायन नॅशनल पार्कातला एंजल्स लँडिंग हा कडा चढायच्या परमिटसाठी आम्ही दोघांचे मिळून 161 डॉलर भरले, खरा खर्च 12 डॉलर आहे, आणि ते 161 भरून जे हातात आलं ते परमिट नव्हतंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात युटाला जाणारी आपली बरीच मंडळी असतात म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

प्लॅन नेहमीचाच, वेगासला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, झायन, ब्राईस, तिथून बारा नंबरच्या हायवेने कॅपिटल रीफ, मग मोॲब आणि परतताना ॲरिझोनातलं पेज. ऑक्टोबरच्या शेवटी झायनमधली कॉटनवूडची झाडं पिवळी व्हायला लागतात, लाल कड्यांच्या खाली नदीकाठाने नुसता पिवळा पट्टा, ते बघायचंच होतं. आणि नवऱ्याला एंजल्स लँडिंग. शेवटचा अर्धा मैल साखळी धरून कड्याच्या धारेवरून जायचं असतं, मला त्यात काडीचा रस नव्हता पण याने वर्षभर डोकं खाल्लं होतं.

आता यातली गोम अशी की 1 एप्रिल 2022 पासून त्या साखळ्यांच्या भागाला परमिट लागतं आणि ते लॉटरीने मिळतं. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या तारखांची लॉटरी जुलैच्या 1 ते 20 तारखेलाच होऊन जाते. आमचं जायचं ठरलं तेच सप्टेंबरात, म्हणजे ती गाडी कधीच सुटलेली. अशा उशिरा जागे झालेल्या लोकांनाच हे ठग गाठतात, कारण तुम्ही सर्च करता तेच मुळी ‘लॉटरी चुकली आता काय’ असं काहीतरी.

सर्चमध्ये सगळ्यात वर जी साइट आली ती इतकी नीट बनवलेली होती की काय सांगू, वर झायनचा फोटो, नॅशनल पार्क सर्व्हिसच्या बाणाच्या टोकासारख्या बोधचिन्हाशी मिळतंजुळतं चिन्ह, ‘गॅरंटीड परमिट’ असं ठळक अक्षरात आणि खाली ‘तुमच्या तारखेला फक्त 4 शिल्लक’. माणशी 59 डॉलर परमिटचे, माणशी 12 डॉलर झायन शटलच्या तिकिटाचे आणि वर 19 डॉलर प्रोसेसिंग. नवरा म्हणाला, आपल्याकडे तत्काळचं तिकीट काढून देणारे एजंट असतात तसंच असेल गं, जरा जास्त घेतात पण काम होतं. पाच मिनिटांत पीडीएफ आलं पण. नाव, तारीख, क्यूआर कोड, सगळं.

पहिला झटका शटलला बसताना. मी फोनवर तिकीट उघडून ड्रायव्हरला दाखवायला गेले तर तो बघेचना, नुसता हाताने आत चला आत चला करत होता. मी म्हटलं तिकीट आहे, तर म्हणे कसलं तिकीट, शटल फुकट आहे. आणि खरंच फुकट आहे! झायनची शटल 2000 सालापासून चालू आहे, सीझनमध्ये आतल्या रस्त्यावर खाजगी गाड्या सोडत नाहीत म्हणून सगळे त्याच बसने जातात, पार्कची एंट्री भरली की बसला वेगळं काही द्यावं लागत नाही. म्हणजे फुकटच्या गोष्टीचे आमच्याकडून 24 डॉलर घेतले होते. आमचे चेहरे तिथेच पडले, पण नवरा म्हणे शटलचं जाऊदे, परमिट तर आहे.

ग्रोटो स्टॉपला उतरलो, चढलो. वॉल्टर्स विगल्स म्हणून 21 वळणांचा तुकडा आहे, तिथे माझा जीव निघाला. वर स्काऊट लुकआऊटला, म्हणजे साखळ्यांच्या आधीच्या टप्प्याला, पोचलो तर रेंजर बाई उभी, प्रत्येकाचं परमिट आणि आयडी बघत होती. आमचं पीडीएफ तिने दोन सेकंद बघितलं असेल. स्कॅन वगैरे काही नाही, त्यात लिहिलेल्या वेळेवर बोट ठेवलं. आमच्या कागदावर ‘सकाळी 10’ असं लिहिलेलं. ती म्हणाली अशी वेळच नसते. स्लॉट तीनच, सकाळी 9 च्या आधी, 9 ते 12 आणि 12 नंतर. मग विचारलं हे कुठून घेतलंत, आम्ही सांगितलं, तर तिने शांतपणे सांगितलं की परमिट फक्त रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर मिळतं, ते ज्याने काढलं त्याच्याच नावाचं असतं, दुसऱ्याला देता-विकता येत नाही. ओरडली नाही, दंड वगैरे नाही, उलट त्या पीडीएफचा फोटो काढून घेतला. पण पुढे सोडलं नाही ते नाहीच. नवरा साखळ्यांकडे बघत उभा राहिला, मला खरंतर आतून बरं वाटलं पण ते तेव्हा बोलायची सोय नव्हती. स्काऊट लुकआऊटपर्यंत परमिट लागत नाही बरं का, आणि तिथूनही व्ह्यू जबरदस्त आहे, ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी तिथूनच मागे फिरा.

खरी पद्धत सांगते. सीझनची लॉटरी हुकली तरी आदल्या दिवशीची लॉटरी असते, जायच्या आदल्या दिवशी रात्री 12 वाजून 1 मिनिटाला उघडते, दुपारी 3 ला बंद होते आणि 4 पर्यंत निकाल मेलवर येतो, सगळं युटाच्या वेळेने. अर्जाचे 6 डॉलर, एका अर्जात सहा जणांपर्यंत, आणि नंबर लागला तर माणशी 3. म्हणून आमचे दोघांचे 12 झाले असते. आम्ही खाली उतरून पार्कबाहेरच्या स्प्रिंगडेल गावात सँडविच खाता खाता तोही अर्ज टाकला, नाही लागला. लॉटरी आहे, कोणी ‘गॅरंटी’ देऊच शकत नाही, एवढी एक गोष्ट डोक्यात असती तरी पुरलं असतं.

पेजच्या बाबतीत पण सांभाळा. अँटिलोप कॅन्यन नॅशनल पार्क नाही, नवाहो लोकांची जमीन आहे, तिथे नवाहो नेशनची परवानगी असलेल्या टूरवाल्यांबरोबरच जाता येतं, आणि नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही. त्यामुळे कोणी ‘सगळ्या कॅन्यनचा एकच पास’ विकत असेल तर तिथेच टॅब बंद करा. आमचं ते बुकिंग थेट टूरवाल्याकडे होतं म्हणून वाचलो. फक्त वेळेचा घोळ लक्षात ठेवा, ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, युटा आणि नवाहो नेशन बदलतात, त्यामुळे त्या भागात फोनवरची वेळ एक तास मागे-पुढे उड्या मारते, टूर मात्र ॲरिझोनाच्या वेळेने सुटतात.

आणि आई-बाबा भारतातून येणार असतील त्यांच्यासाठी मुद्दाम. 2026 पासून नॅशनल पार्कांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना 80 डॉलरच आहे पण बाहेरून आलेल्यांना 250, आणि पास नसेल तर झायन, ब्राईस, ग्रँड कॅन्यन धरून 11 पार्कांत 16 वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्यांना एंट्रीवर माणशी 100 जादा. एवढा फरक म्हटल्यावर ‘आमची ट्रिप झाली, पास स्वस्तात देतो’ वाले व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढणारच. पास दुसऱ्याला विकता येत नाही आणि गेटवर पासबरोबर फोटो आयडी मागतात. 40 डॉलर वाचवायला जाऊन गेटवर आई-बाबांसमोर शोभा नको.

आता पैशांचं. क्रेडिट कार्डवर होते म्हणून लगेच डिस्प्यूट टाकला, म्हणजे बँकेकडे पैसे परत मिळावेत अशी तक्रार केली, इथल्या कायद्याने चूक ज्या स्टेटमेंटवर आली ते पाठवल्यापासून 60 दिवसांत लेखी कळवावं लागतं, त्यामुळे ट्रिपवरून येऊन निवांत बघू असं करू नका. एफटीसी म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणारी अमेरिकन सरकारी संस्था, तिच्या रिपोर्टफ्रॉड साइटवर तक्रारही केली. तर त्या साइटवाल्यांनी बँकेला काय उत्तर दिलं असेल? की आम्ही परमिट विकतच नाही, आम्ही ‘ग्राहकाच्या वतीने अर्ज करण्याची सेवा’ देतो, आणि पुरावा म्हणून सगळ्यात खालच्या बारीक अक्षरातल्या अटी जोडल्या. काय डोकं लावतात बघा. बँकेने पहिल्यांदा त्यांचंच ऐकून केस बंद केली. मग आम्ही शटल फुकट असल्याचं पार्कच्या साइटवरचं पान पाठवलं, तेव्हा 24 डॉलर परत आले. ‘गॅरंटीड’ लिहिलेल्या पानाचा स्क्रीनशॉट मात्र आमच्याकडे नव्हता आणि आता त्या पानावर तो शब्दच दिसत नाही, त्यामुळे उरलेल्या 137 वर गाडं अडलंय. रेंजरने फोटो काढलेल्या त्या पीडीएफवर दिलेली खोटी वेळ आणि पार्कचे खरे तीन स्लॉट असं शेजारी शेजारी लावून परत पाठवलंय. कोणी असल्या ‘सेवा’वाल्यांविरुद्ध डिस्प्यूट जिंकला असेल तर बँकेला नेमके कोणते कागद दिलेत ते प्लीज सांगा.