छातीतल्या पट्ट्या आणि करंगळीतल्या मुंग्या : नस प्रोसिजरनंतरचा अनुभव

खोलगट छातीच्या ऑपरेशनबद्दल जे काही वाचायला मिळतं ते छातीबद्दलच असतं. मला हाताबद्दल सांगायचंय.

छातीचं आधी उरकतो. ऑपरेशनचा विचार साधारण हॅलर इंडेक्स (छातीची आतली रुंदी भागिले खड्ड्याच्या जागी छातीच्या हाडापासून मणक्यापर्यंतचं अंतर) ३.२५ च्या पुढे गेला की करतात. माझा बराच पुढे होता. डॉ. डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये ही पद्धत लहान मुलांसाठी सुरू केली, म्हणून तिचं नाव नस प्रोसिजर. वाकवलेली धातूची पट्टी छातीच्या हाडामागून सरकवून उलटी फिरवतात, की खड्डा वर येतो. विशी ओलांडलेल्यांच्या बरगड्या कडक असतात, म्हणून मला दोन पट्ट्या लागल्या. सुरुवातीचं दुखणं भयंकर होतं. पण आता जिन्यात धाप लागत नाही, आणि अंबाझरीला सकाळी पळायला जातो. याबाबतीत मी पूर्ण समाधानी आहे.

डाव्या हाताचा त्रास काही आठवड्यांनी सुरू झाला. वर्धा रोडवर गाडी चालवताना करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या यायच्या. मग दोरीवर कपडे वाळत घालताना हात जड होऊन आपोआप खाली यायला लागला. पुढे शर्टाचं बटण लागेना. आई म्हणे, "त्या कुशीवर झोपतोस, म्हणून होत असंन." ऑपरेशन केलं तिथे दर वेळी एक्स-रे बघून "पट्ट्या जागेवर आहेत" एवढंच सांगायचे. एका डॉक्टरांनी मोबाईलमुळे मान धरली म्हणून गोळ्या दिल्या. याचा मला अजून राग आहे, कारण तोपर्यंत पकड बरीच गेली होती.

धंतोलीतल्या फिजिओ मॅडमनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला : मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला स्पर्श कमी कळतो का? कळत होताच कमी. करंगळीकडे जाणारी शीर (म्हणजे नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) कोपरात दबली तर ती बाजू सहसा शाबूत राहते. तीही बधिर असेल तर दाब वर, खांद्याच्या आसपास शोधायचा. मग दोन्ही हात वर, कोपर वाकवून, तीन मिनिटं मुठी उघड-बंद करायला लावल्या. उजवा टिकला, डावा मिनिटभरातच खाली आला.

हाताच्या शिरांचा जुडगा मानेतून निघून पहिली बरगडी आणि कॉलरबोन यांच्यामधल्या अरुंद वाटेने जातो. छातीचं हाड पुढे उचललं की वरच्या बरगड्याही हलतात, आणि क्वचित एखाद्याची ही वाट आणखी आवळते. याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. ऑपरेशनच्या वेळी हात ताणून ठेवल्यानेही शिरेला इजा होते, पण ती बहुधा शुद्धीवर आल्या आल्याच जाणवते. माझं तसं नव्हतं. आणि एनसीव्ही (शिरेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी) नॉर्मल आली म्हणून शीर मोकळीच आहे असं समजू नका. या आजारात ती बरेचदा नॉर्मल येते.

मानेच्या बाजूच्या आणि छातीच्या स्नायूंचं स्ट्रेचिंग, खांद्याच्या पात्याचे व्यायाम, पोटाने श्वास. दोनेक महिन्यांत बटणं लागायला लागली. लांब गाडी चालवली तर मुंग्या अजून येतात. तळहाताचे स्नायू झिजायला लागले असते, तर पट्ट्या सरकवायचा किंवा आधीच काढायचा विचार करावा लागला असता. एरवी त्या दोन ते चार वर्षं ठेवतात.

मला कोणी विचारलं तर ऑपरेशन करून घ्या असंच सांगेन. फक्त आधी दोन्ही हातांची पकड मोजून कागदावर लिहून घ्या, म्हणजे नंतर "तुम्हाला तसं वाटतंय" असं कोणी म्हणालं तर आकडा समोर ठेवता येईल.